नाब्लूसला कडू घास

पुण्याच्या वसतिगृहात माझ्या खोलीत पॅलेस्टाईनची, नाब्लूस शहरातली एक पोरगी आली आणि शिक्षण संपेपर्यंत मराठी शिकून गेली. शिकवणारी मी मालेगाव जहांगीरची, म्हणजे ती शिकली वऱ्हाडी. मेसमध्ये ती "मले भूक लागून राह्यली" म्हणायची तेव्हा पुणेकर मुली पोळी हातात धरून बघत बसायच्या. मला काय अभिमान वाटायचा!

आता ती तिच्या गावी, मी माझ्या. फोन मला करते, बोलते मात्र माझ्या आईशी. आमचा भाजीपाल्याचा मळा. भेंडी त्यांच्याकडेही होते, पण ते लोक ती बोटाच्या पेराएवढी असतानाच तोडतात. आईला हे सहन होत नाही. एवढीशी भेंडी वजनात काय भरन, यावर दोघी जीव तोडून भांडतात.

यंदा तिची माय आजारी पडली. माय राहायची शहराबाहेरच्या खेड्यात, मोटरसायकलवर सहज जाऊन यावं इतक्यावर. पण मधे फौजेचं फाटक. सैनिकांनी उघडलं तर रस्ता, नाहीतर आल्या पावली परत. माझी आई तिला अक्कल शिकवायची, त्या पोरायले सांग माय बिमार आहे म्हणून, अन् दे थोडी भेंडी. ती हसायची. रोज जायची, रोज परत यायची. माझं डोकं फिरायचं, कोणाच्या बापाचा रस्ता आहे तो?

एका सकाळी तिची माय गेली. फाटक बंदच होतं. खेड्यातल्या भावांनीच माती दिली.

दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा शहरात संचारबंदी. घरात ती एकटी, पोटात अन्नाचा कण नाही, आणि शेजारणींना दाराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. आमच्याकडे मयतीच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारच पिठलं-भाकर नेऊन बळंच खाऊ घालतं. त्याला कडू घास म्हणतात. त्यांच्यातही तसंच असतं म्हणे.

आईने लगेच पिठलं टाकलं. मी म्हटलं, ते तिथवर जाणार कसं? म्हणाली, तुले कळत नाही, चूप बस. फोन डब्याला टेकवला, ताट पुढ्यात घेतलं आणि तिला बजावलं, घरात असन ते आण, तू खाशीन तवा मी खाईन. आईला शुगर आहे, गोळी घेऊन झालेली, आता उपाशी राहून चालायचं नाही, हे तिला ठाऊक. चिडली, आईला अस्सल वऱ्हाडीत झापलं आणि रोटी घेऊन आली. घास घेतला, पण गिळवेना.

"मावशी, मले तिचं तोंड बी नाही दिसलं."

 आईने पिठल्यात बुडवलेला तुकडा सरळ फोनच्या काचेला नेऊन लावला.

"खाय," आई म्हणाली.

काच पिठल्याने माखली. पलीकडे कोणी दिसेना, नुसता चावण्याचा आवाज येत होता, आणि रडण्याचा. मी काच पुसायला हात पुढे केला, तर आईने तो धरून ठेवला.