शाकारलेले संगणक

आमच्या अर्नाळ्याच्या शाळेत ते छोटे संगणक आले तेव्हा मी मनातून चिडलेच होते. शौचालयाला धड दार नाही, पावसाळ्यात पत्रे गळतात, आणि आले म्हणे संगणक! गरीब देशांतल्या मुलांसाठी मुद्दाम स्वस्तात बनवलेले, पाटीएवढे, प्लास्टिकचे. सगळ्या शाळेत मिळून मोजके चार. ते घेऊन आलेला मुंबईचा तरुण म्हणाला, "मॅडम, तुम्ही काही शिकवू नका. मुलं आपापली शिकतात."

"मग आम्ही काय माशा मारायच्या?" मी विचारलं.

त्याचं खरं निघालं. सातवीत एक कोळ्याची मुलगी होती, वर्गात कधी तोंड न उघडणारी. संगणकात आवाज टिपता येतो हे तिनं एकटीनंच शोधून काढलं. मी एक संगणक तिला घरी नेऊ दिला. दुसऱ्या दिवशी तिनं आम्हाला ऐकवलं. आधी भांड्यांची खडबड, मग तिच्या वडिलांचा खडा आवाज: "पोरी, जेवाला ये गो. भात निवला. काय करते त्या डब्याशी?"

वर्ग खो खो हसला. ती मान खाली घालून बसली, पण मधल्या सुट्टीत कानाशी धरून तेच पुन्हा पुन्हा ऐकत होती.

मे महिन्याच्या सुट्टीआधी तिचे वडील शाळेत आले. हातात चिंध्या, प्लास्टिकचा कागद आणि तेलाची बाटली. "बाई, पावसाचं पानी आनि खारी हवा, काय टिकाचा नाय हा डबा. होडी शाकारतो तसा शाकारून देतो."

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून, तेल माखून, झाकून ठेवतात, हे मी दर वर्षी पाहत होते. मी थट्टेनं म्हटलं, "होड्या पुन्हा दर्यात जातील, यांना कुठं जायचंय?" पण कपाटावरचा पत्रा गळत होता, आणि त्यांचा शब्द मोडवेना. ओटीवर मांडी घालून त्यांनी एकेक संगणक मुशी माशाच्या तेलानं माखला. बटणांच्या फटीसुद्धा सोडल्या नाहीत. मग प्लास्टिकमध्ये गुंडाळून सुतळीनं आवळला. "नारळी पुनवेच्या आधी सोडायचा नाय," म्हणाले. एवढ्या मायेनं शाळेच्या वस्तूला कुणी हात लावलेला मी पाहिला नव्हता.

शाळा सुरू झाली तरी आम्ही गाठोडी सोडली नाहीत. जुलैत तिच्या वडिलांना कावीळ झाली. झाडपाल्यावर दिवस गेले. वसईच्या दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.

बारावं झाल्यावर ती शाळेत आली. दप्तर न ठेवताच कपाटापाशी उभी राहिली. "बाई, बाबाला लावा."

मी सुतळी कापली. मुशीच्या तेलाचा उग्र वास वर्गभर पसरला, मुलांनी नाकं धरली. बटण दाबलं, चार्जर लावला, उन्हात ठेवला. काही झालं नाही. बाकीचे तीनही तसेच. तिच्या घरातला आवाज ज्यात होता, तो मी दुसऱ्या दिवशी पदराखाली धरून विरारच्या दुकानात नेला. दुकानदारानं उघडून पाहिला आणि मिटून परत दिला. तेल आत उतरून सगळं खाऊन गेलं होतं. आवाज निघेल का, मी दोनदा विचारलं. तो नाही म्हणाला.

तिला काय सांगणार? ज्या हातांनी तिचा खाऊ आणला, त्याच हातांनी हे झालं, हे कसं सांगू? निदान बंद का होईना, स्वच्छ करून तिच्या हाती द्यावा, म्हणून सकाळी लवकर येऊन मी फडक्यावर स्पिरिट घेतलं आणि बटणं घासू लागले. ती कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.

"बोलनार नाय ना आता?" तिनं विचारलं. मी मान हलवली. माझे डोळे भरून आले होते, तिचे कोरडे होते.

तिनं संगणक माझ्या हातून घेतला. तो नाकाशी धरून बराच वेळ उभी राहिली. बाबा होडीवरून आला की त्याच्या अंगाला असाच वास यायचा, म्हणाली.

मग माझ्या हातातल्या फडक्याकडे बघून म्हणाली, "बाई, पुसू नका."