मुकादमाची शिस्त आणि आखाजीची ब्लाऊजं

धरणगावात बायकांनी ब्लाऊज शिवायला टाकावं ते अमिनाबीकडेच, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती तेव्हाची ही हकिकत. साल सत्त्याऐंशी. अमिनाबीच्या पायमशीनला सोळा वर्षं झाली होती आणि त्या सोळा वर्षांत ती कामासाठी एकदाही घराबाहेर पडली नव्हती. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, बाजूला कपड्यांची ट्रंक, समोर सतरंजी. एवढंच तिचं दुकान. पाटी नव्हती, कारण पाटी वाचून येणारं गिऱ्हाईक तिला कधी लागलंच नाही.

घरात बसून काम करायचं म्हणजे एकतर आळस चढतो, नाहीतर भिंती खायला उठतात. अमिनाबीने दोन्हींचा बंदोबस्त करून ठेवला होता. स्वयंपाक उरकून, केस विंचरून, धुतलेली साडी नेसून ती नऊच्या ठोक्याला मशीनवर बसायची, जणू कुणी साहेब हजेरी घ्यायला येणार आहे. चुलीपुढच्या साडीत मशीनला हात लावायचा नाही, हा तिचा कायदा. दुसरा कायदा सतरंजीवर येऊन बसणाऱ्या बायकांसाठी होता. खुशाल बसा, पण रिकाम्या हातांनी नाही. येईल तिच्या मांडीवर ती एक ब्लाऊज टाकायची. कुणी हूक लावायचं, कुणी तुरपाई करायचं. "हात थांबना का तोंडबी बंद करा," असा तिचा दम असायचा. तोंड बंद ठेवणं कुणालाच झेपणारं नव्हतं, त्यामुळे हात आपोआप चालत राहायचे.

या मंडळाची म्होरकी समोरच्या घरातली कमलबाई. अमिनाबीहून चारपाच वर्षांनी मोठी, शेतकऱ्याघरची, आणि गावातली बठ्ठी, म्हणजे झाडून सगळी, खबर जिच्याकडे आधी पोचते अशी. कुणाची लेक कुठे दिली, कुणाला कितवा महिना, कोण सासरी सुखात आहे आणि कोण नुसतं सुखात आहे म्हणते, सगळं तिला ठाऊक.

त्या वर्षी अमिनाबीचा नवरा नूर महंमद कायमचा घरी आला. तीस वर्षं तो कापसाच्या जीनमध्ये मुकादम होता. भला माणूस, पण भोंग्यावर उठायची आणि दुसऱ्यांना उठवायची सवय हाडात मुरलेली. घरी हाताखाली कुणी नाही. आठवडाभर त्याने सतरंजीवरचा तो दरबार पाहिला आणि मग त्याला राहवेना.

"अमिना, ये दुकान है के चौपाल? बातें बंद करो, दुगना काम होगा."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन आठवड्यांवर आली होती. सासरी गेलेल्या लेकी आखाजीला माहेरी येणार, झोक्यावर बसणार, त्यांना नवी ब्लाऊजं पाहिजेत. पोरी तर अजून सासरी. म्हणून आया काय करायच्या, गेल्या खेपेला पोरीचं माहेरी राहून गेलेलं ब्लाऊज मापाला आणून द्यायच्या. कामाचा ढीग पाहून अमिनाबीलाही वाटलं, बघू तरी एकदा याचं ऐकून.

नूर महंमदने दारात खुर्ची टाकली. येईल तिच्याकडून कापड आणि मापाचं ब्लाऊज घ्यायचं, चिठ्ठीवर नाव आणि तारीख लिहून टाचणीने लावायची आणि अदबीने बाहेरच्या बाहेर वाट दाखवायची. बायका हिरमुसल्या. कमलबाई तर तीनदा येऊन गेली. तिन्ही वेळा नूर महंमद नम्रपणे म्हणाला, "ब्लाऊज झालं की निरोप देतो, अक्का." अमिनाबीला खिडकीतून तिची पाठ दिसायची. आखाजी होऊन जाऊ दे, मग निवांत बसू, असं म्हणून ती पुन्हा पाय चालवायची.

काम मात्र झालं, खोटं कशाला बोला. अठरा दिवसांत बेचाळीस ब्लाऊजं. नूर महंमद घड्या मोजताना असा खुलला होता, की जीनमध्ये गाठी मोजतानाही कधी खुलला नसेल. अमिनाबीची मात्र कंबर धरली होती. दिवस संपता संपत नसे, आणि एकदोनदा तर ती मशीनशीच बोलताना सापडली.

आखाजी दोन दिवसांवर आली आणि पोरी एसटीतून उतरू लागल्या. त्याच संध्याकाळी पहिलं ब्लाऊज परत आलं. मग दुसरं. मग ओट्यावर रांगच लागली. एकीचं बाळंतपण होऊन चार महिने झालेले, तिचे हूक लागेनात. एकीला सातवा महिना. तिसरीला सासरचं दूधतूप असं मानवलं होतं, की बाहीत हात जाईना. मापं सगळी बरोबर होती, फक्त ती गेल्या वर्षीच्या पोरींची होती. एरवी अमिनाबी नुसत्या मापाच्या ब्लाऊजवर कधीच शिवत नसे. सतरंजीवरून कुणीतरी म्हणायचं, "तिले दिवस जायेल शेत," की पोर अंगाने भरणार हे धरून इकडे कात्री दोन बोटं बाहेरून फिरायची. ते आपण गप्पांच्या जिवावर करत होतो, हे तिला स्वतःलाही आत्ता कळलं.

सोळा वर्षांचं नाव दोन दिवसांत धुळीला मिळणार, अशी तिला भीती वाटली. तेवढ्यात कमलबाई लेकीला घेऊन आली. पुष्पा. तिचं ब्लाऊज घट्ट नव्हतं. ते खांद्यावरून खाली ओघळत होतं. अंगात नुसती हाडं राहिली होती आणि पोर कुणाकडे बघत नव्हती.

"हाई काय व्हयनं वं?" अमिनाबीने विचारलं.

"चैतमा तिनं पोटमानं गयं. पाचवा महिना व्हता," कमलबाई म्हणाली. "तुले सांगाले तीन फेऱ्या मारात मी. दुसरी कोनले सांगू?"

त्या पाठमोऱ्या कमलबाईला आपण खिडकीतून पाहिलं आणि मशीन थांबवलं नाही, याची अमिनाबीला इतकी लाज वाटली की डोळे भरून आले. नूर महंमद सगळं ऐकत होता. तो उठला, खुर्ची आत नेऊन ठेवली आणि कमलबाईपुढे येऊन म्हणाला, "अक्का, चूक मनी शे. बठ." मग सतरंजी झटकून त्याने स्वतःच्या हाताने अंथरली.

दोन दिवस त्या सतरंजीवर तीळ ठेवायला जागा नव्हती. आया, लेकी, शेजारणी, सगळ्या मिळून टाके उसवत होत्या आणि अमिनाबी पुन्हा टीप मारत होती. नूर महंमद चहा करत होता, तोही फार गोड. आखाजीच्या सकाळपर्यंत एक सोडून सगळी ब्लाऊजं घरोघर गेली.

राहिलेलं पुष्पाचं होतं. अमिनाबीने तिला जवळ उभं केलं, अंगावरच टाचण्या लावल्या आणि दोन्ही बाजूंचं जास्तीचं कापड आत दुमडून टीप मारली. चांगलं तीन तीन बोटं कापड आत गेलं.

पुष्पा दोन दिवसांत पहिल्यांदा बोलली. "मावशी, इतलं मधमा टोचस ना. कापी टाका."

"नही वं बेटा, कापानं नही," अमिनाबी म्हणाली. "पुढली आखाजीले उसवनं पडी. तवय इतलं कापड कोठून आनू मी?"

मग तिथेच, मशीनवर डोकं टेकवून, माहेरी आल्यापासून न रडलेली ती पोर पोटभर रडली. कमलबाई दारात उभी होती, ती आत आली नाही. अमिनाबी पुष्पाच्या पाठीवरून हात फिरवत बसली आणि त्या दिवशी तिने मशीनला पुन्हा हात लावला नाही.