समईमागचा चेहरा

माझा थोरला भाऊ कोल्हापुरातल्या एका चित्रपट कंपनीत पेंटर होता. चित्रपट सुरू होताना पडद्यावर येणारी नावं आणि त्यांच्याही आधी येणारं कंपनीचं चिन्ह, हे त्याचं काम. पहिलं चिन्ह त्यानं काळ्या काचेवर रंगवलं होतं. पाच वातींची समई आणि खाली वळणदार अक्षरांत कंपनीचं नाव. चित्र सुरेख होतं, पण ज्योत हलायची नाही. ते पडद्यावर आलं की पुढच्या बाकांवरून आरडाओरडा व्हायचा, "तेल घाला की त्यात!" दादा मान खाली घालून थिएटराबाहेर पडायचा.

शेवटी मालकांनी ठरवलं, खरी समई घ्यायची आणि ती लावणारी खरी बाई. ज्या नटीला बोलावलं होतं तिचा हात वातीपर्यंत जाईतो थरथरायचा. त्या दिवशी मी दादाचा डबा घेऊन गेले होते. तो वैतागून म्हणाला, "तू लाव बघू. नुसते हात दिसतील."

मी तेव्हा शिक्षिकेच्या ट्रेनिंगला होते. आई लहानपणीच गेलेली, वडील शाळेत हेडमास्तर. सिनेमातल्या बायकांचा विषय निघाला तरी ते जेवणावरून उठायचे. तरी मी काळ्या पडद्यापुढे उभी राहिले. वात पेटली, तशी मी सहज वर बघितलं. मालक म्हणाले, "हेच ठेवा. चेहऱ्यासकट." खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता.

वडील चित्रपट बघत नसत, म्हणून वर्षभर निभावलं. मग कागलच्या घरात माझं लग्न ठरलं.

बस्ता बांधायला सासरची मंडळी कोल्हापूरला आली. सासरे, सासूबाई आणि हे. आमच्याकडून मी आणि दादा. दुकानातून बाहेर पडल्यावर सासरे म्हणाले, "आता आलोयच तर तीनचा खेळ बघून जाऊ. देवाधर्माचा हाय म्हणं."

तो आमच्याच कंपनीचा चित्रपट होता.

डोकं दुखतंय म्हणून मी मागे सरले. सासूबाईंनी दंड धरला. "गार बसायचं, डोकं उतरंल. चल की." मी दादाकडे बघितलं. "तुम्ही या सावकाश, मी तिकिटं काढतो," म्हणाला आणि सायकल घेऊन सुटला. तो पडद्यावर फिल्म सोडणाऱ्या ऑपरेटरला गाठणार, चिन्हाचा तुकडा गाळायला सांगणार, हे मी ओळखलं. थिएटरापर्यंतचा रस्ता मी जमेल तेवढा हळू चालले.

दारात दादा घामानं निथळत उभा होता. तिकीट हातात देताना पुटपुटला, "ऐकत नाही गं. मालकांची चिठ्ठी आण म्हणतो."

बायकांची जागा वर होती. खाली पुरुषांत सासरे आणि हे शेजारी शेजारी बसलेले मला दिसत होते. दिवे गेले. आधी सरकारी बातम्या लागल्या. त्या संपूच नयेत असं वाटत होतं. मग पडदा काळा झाला. हात आला, वात पेटली, आणि माणसाच्या दुप्पट मोठा माझा चेहरा सगळ्या थिएटराकडे बघू लागला. सासूबाईंच्या बोटांनी माझं मनगट आवळलं होतं.

मध्यंतरात त्यांनी शेंगा घेतल्या. मग शेंगांचा पुडा माझ्यापुढे धरून हळू आवाजात म्हणाल्या, "तूच न्हवं ती?"

"हो."

"किती दिस काम केलंस तितं?"

"एकच दुपार. दादासाठी."

त्यांनी दोन शेंगा फोडून खाल्ल्या. "ह्यांचा चष्मा घरात ऱ्हायलाय, सकाळपास्नं कावत्यात. त्यांचं सोड. पर माझ्या पोराचं डोळं चांगलं हायत."

खेळ सुटल्यावर हे बस्त्याची गाठोडी उचलण्यात गुंतले. माझ्याकडे बघितलंही नाही. कागलची मोटार निघून गेली.

लग्नाला पंधरा दिवस होते. पोस्टमन गल्लीत शिरला की लग्न मोडल्याचं पत्र असेल म्हणून मी वडिलांच्या आधी दाराशी धावायचे. दादा मालकांकडे चिन्ह बदला म्हणून गेला, तर ते म्हणाले, "प्रती गावोगाव गेल्यात. आता पुढच्या चित्रपटाला बघू."

कागलहून पत्र आलं नाही. लग्न झालं. मी तिथल्या शाळेत शिकवू लागले. सासूबाईंनी विषय काढला नाही, ह्यांनीही नाही. पण घरात कुणी सिनेमाचं नाव काढलं की माझ्या हातातलं काम थांबायचं.

दोन वर्षांनी आम्ही दोघंच कोल्हापूरला खेळ बघायला गेलो; या थिएटरात बायका-पुरुष एकत्र बसत. कंपनीचं नवं चिन्ह आलं. काळ्यावर नुसत्या पांढऱ्या रेघा होत्या. समई, वाकलेली बाई, चेहरा नाहीच. रेघ दादाची होती. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट कुणीतरी आपल्याला पुसून टाकलं असं वाटलं आणि डोळे भरून आले.

हे अंधारात कानाशी वाकले. "काढलं व्हय तुला?"

त्यानंतरचा सगळा चित्रपट माझ्या डोक्यात शिरलाच नाही. बाहेर आल्यावर विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत?"

"बस्त्याच्या दिवसापास्नं. तू सांगशील म्हणून वाट बघत हुतो. लग्नाआधी दोनदा येऊन बघून गेलतो की मी. चिन्ह झालं की उठून जायाचो." ते हसत होते.

मला मात्र हसू येईना. "मी दोन वर्षं जीव मुठीत धरून काढली," मी म्हणाले. "एका शब्दानं सांगितलं असतंत तर?"

त्यांचं हसू मावळलं. मोटारीत बसल्यावर, खिडकीबाहेर बघत, ते म्हणाले, "चुकलं माझं."