बंदोबस्ताचा खर्च

शेजारचा सुनील वडिलांच्या दहाव्याला तुरुंगातून आला, तो दोन पोलिसांबरोबर. त्याचा खटला अजून सुरूही झालेला नाही. "ह्या दोघांच्या बंदोबस्ताचा खर्च आम्हीच भरला, तेव्हा कुठे आणलं त्याला," त्याचे काका मला म्हणाले. मला काही उमजेना. गुन्हा ठरलेला नाही आणि पहाऱ्याचे पैसे घरच्यांनी द्यायचे? मग ओट्यावर बसलेले हे दोघे कोण, पहारेकरी की आपणच बोलावलेले पाहुणे?

सुनीलची बहीण चहा घेऊन आली आणि तीही घुटमळली. पहिला कप कुणाला द्यायचा?

"आधी त्यांना दे गं," सुनील म्हणाला. "मी काय, घरचाच आहे."

पोलिसाने एका हाताने कप घेतला. दुसऱ्या हातात सुनीलच्या बेडीची दोरी होती.