मेल्यावरही सुट्टी नाही

रविवारी दुपारी टीव्हीवर भविष्यकाळातली एक मालिका लागली होती. एका बाईचा मेलेला नवरा एका कंपनीने यंत्रात जपून ठेवलेला. ती बटण दाबते, तो काचेवर उमटतो आणि रोज तेच हसून तेच वाक्य बोलतो. ते कायमचं बंद करायला तिचा हात धजत नाही.

वहिनी लसूण सोलत बघत होती. मी चिडून म्हणालो, "बघ, मेल्यावरही कंपनी माणसाला सोडत नाही."

"कंपनीचं राहू द्या भावजी," ती म्हणाली. "तुम्ही तरी ह्यांना कुठे सोडता? चौकातल्या फलकावर रोज हसतात. मी बाजाराला मागच्या गल्लीने जाते."

माझा भाऊ गटाराच्या चेंबरमध्ये गुदमरून मेला. जबाबदारी कुणीच घेतली नाही, म्हणून आम्ही संघटनेच्या लोकांनी त्याचा फोटो प्रत्येक फलकावर लावला. फोटो काढला की गाव विसरणार, आणि ज्यांनी त्याला आत उतरवलं ते सुटणार. हे मी भाषणांत शंभरदा सांगितलंय आणि ते खरंच आहे. पण ज्याला जिवंतपणी साधे हातमोजे मिळाले नाहीत, त्याला मेल्यावर आम्ही रोज कामावर उभं करतो, हेही खरंच आहे.

"मग काढू फोटो?" मी विचारलं.

"काढा म्हणवत नाही," ती म्हणाली, "आणि बघवतही नाही."

तेवढ्यात छापखान्यातून फोन आला. मोर्चाच्या पत्रकावर फोटो नेहमीचाच ना, असं ते विचारत होते. वहिनी माझ्याकडे बघत होती.