शांताबाईंचं कुंकू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यांनाही नाही — आणि यांच्यापासून दुसरं काही लपवल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा मी फुलंब्रीच्या शाळेत शिकवायचे. उस्मानपुऱ्यातून रोज बसनं जाणं-येणं. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांतही होते, आणि माणसांची पारख ही मला देवानं दिलेली देणगी आहे, असं समजून चालायचे. कुणी म्हटलं होतं तसं? कुणीच नाही. माझं मीच.

एका सकाळी फुलंब्रीच्या स्टँडवर मंडळीतल्या शांताबाई दिसल्या. त्यांनी पर्समधून आरसा काढला आणि कपाळाला कुंकू लावलं. रविवारी माझ्या शेजारी मोकळ्या कपाळानं गीतं गाणारी बाई ही. मी हाक मारली नाही. थेट पंचांच्या सभेत सांगितलं.

पाळकसाहेबांनी विचारलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "लावलं व्हतं. खोटं कशाला बोलू?" का लावलं, ते कुणी विचारलंच नाही. मीही नाही. सहा महिने त्यांचं प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस घेणं, बंद झालं.

पुढच्याच आठवड्यात त्यांची भावजय शाळेत आली, मुलीचा दाखला न्यायला. बोलता बोलता म्हणाली, "सासूबाईंच्या काय बी ध्यानात ऱ्हात नाय आता. लेक ख्रिस्ती झाली, हे बी नाय. तिचं कपाळ मोकळं दिसलं की जावई गेला म्हणून रडत्यात — दर खेपेला नव्यानं. म्हणून शांता वन्सं कुंकू लावूनच घरात येत्यात."

आता सांगा, मला किती वेळ लागला असता? पाळकसाहेबांशी दोन वाक्यं. मी बोलले नाही. माझी पारख चुकली, हे चारचौघांत म्हणवेना — एवढंच.

प्रभुभोजनाला सगळे पुढे जायचे, शांताबाई बाकावर बसून राहायच्या. मला वाट द्यायला पाय आवरून घ्यायच्या. मी जायचे. भाकर घ्यायचे. सहा महिने.

परवा पंचांच्या सभेत एका नव्या सुनेचं नाव निघालं, ती दर्ग्यात जाते म्हणून. मी म्हणाले, आधी तिच्या घरी जाऊ, का जाते ते विचारू. सगळ्यांना पटलं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू — आणि लगेच लाजही वाटली.

येत्या रविवारी उपासनेत मी उभी राहून हे सगळं सांगणार आहे. शांताबाई अजूनही त्याच बाकावर बसतात. पुढे जायला मला त्यांच्यासमोरूनच जावं लागेल.