फोकस अंगठ्यावर

इस्पितळात एक्स-रे काढणाऱ्या बाईंचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी वापरात यायचं. एरवी त्या श्वासबाई. "श्वास घ्या... धरा... सोडा," एवढ्याच संवादावर त्यांची अख्खी नोकरी पार पडली. समोर साहेब असो की हमाल, श्वास त्यांच्या हुकमानं घ्यायचा आणि त्यांच्या परवानगीनं सोडायचा. एवढी सत्ता हाती असूनही त्यांनी कुणाला निष्कारण ताटकळत ठेवलं नाही, हे त्यांच्याबद्दल आवर्जून सांगायला हवं.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना लांब लेन्सचा कॅमेरा भेट दिला. कधीतरी डबा खाताना बाई बोलून गेल्या होत्या, की एकदा तरी कातडीसकट फोटो काढायचाय. आपलं बोलणं कुणी इतकं मनावर घेईल असं त्यांना वाटलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी कॅमेरा मांडीवर घेतला आणि थोडं रडून घेतलं. नवरा म्हणाला, "रडून झालं की झाकण काढ. त्याशिवाय काही दिसायचं नाही."

फोटो कुणाचा काढायचा हे मात्र ताईंनी ठरवलं.

ताई म्हणजे बाईंची मोठी नणंद. लग्न केलं नाही, भावाच्याच घरी राहिल्या. बाईंच्या पाळ्या कधी दुपारच्या, कधी रात्रीच्या. त्या काळात दोन्ही मुलांचा ताप, शाळेतल्या सभा आणि सातचा पाढा ताईंनीच निभावला. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते. त्या घरात आभार मानायची रीतच नव्हती. मानले असते तर ताईंनी बाईंच्या कपाळाला हात लावून पाहिला असता.

आता ताईंच्या नजरेचा मधला भाग विझत चालला होता. डावा डोळा जवळजवळ गेलाच होता. उजव्यात अजून थोडं शिल्लक होतं. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, नाक गायब. डॉक्टर इंजेक्शनं देत होते, पण उजव्याचा भरवसा देत नव्हते.

"वहिनी," ताई एके दिवशी म्हणाल्या, "तळ्यावरच्या त्या खंड्याची मी जन्मभर पाठच बघितली. निळी रेघ मारतो आणि जातो. एकदा त्याचा डोळा बघू दे. मग काय जायचं ते जाऊ दे."

तळं पाण्याच्या टाकीमागे होतं. कडेला उंच लव्हाळा, मध्ये गंजलेला पाइप आणि पाइपवर तो खंड्या पक्षी. दोघी रोज सकाळी घडीच्या खुर्च्या घेऊन जायच्या. बाई फोटो काढायच्या, आणि घरी टीव्हीवर ते मोठे करून ताई पडद्याला नाक लावून बघायच्या.

"हे गवत आहे," पहिल्या दिवशी ताई म्हणाल्या.

गवतच होतं. पात्यावरची धूळसुद्धा दिसत होती आणि मागे कुणीतरी निळी शाई सांडल्यासारखं वाटत होतं. फोकस कुठे धरायचा हे बाईंनी कॅमेऱ्यावर सोपवलं होतं, आणि कॅमेऱ्यानं जे सगळ्यात जवळ होतं ते धरलं होतं. बाईंना हा प्रश्न नवा होता. एक्स-रेला फोकस जुळवावा लागत नाही. पुढची बरगडी, मागची बरगडी आणि गिळलेलं नाणं सगळं एकाच फिल्मवर येतं, काय महत्त्वाचं ते डॉक्टर ठरवतात. इथे ते आधीच सांगावं लागत होतं.

संध्याकाळी नवरा माहितीपुस्तिका बातम्यांच्या सुरात वाचायचा आणि बाई बटणं दाबून बघायच्या. मग त्यांनी मधला एकच बारीक चौकोन निवडला. एकदा जुळलेला फोकस तिथेच थांबेल असंही सेटिंग केलं. एक्स-रेच्या टेबलावर हे चाललं असतं. खंड्याला टेबलावर पडून राहायची सवय नव्हती.

आणि बाईंची जुनी खोड होतीच. बोट बटणावर गेलं की तोंडातून आपोआप निघायचं, "श्वास घ्या... धरा..." खंड्या उडायचा. शेजारी ताई मात्र इमानदारीनं श्वास धरून बसायच्या.

"अगं, सोडा म्हण की!" लालबुंद होऊन ताई म्हणायच्या. "डोळे चाललेत ते चाललेत, आता जीवही घेतेस का?"

"तुम्हाला कोण सांगतंय धरायला?"

"तुझा आवाजच तसा आहे. खंड्यासुद्धा घाबरून तपासून घ्यायला जातो."

पुढे नवऱ्याला शोध लागला, की हा कॅमेरा डोळे ओळखतो. सेटिंग बदललं. दुसऱ्या दिवशी खंड्या पुसट आला, पण पलीकडच्या भिंतीवरच्या निवडणुकीच्या पोस्टरवर उमेदवाराच्या मिशीचा एकेक केस मोजावा इतका स्पष्ट आला. यंत्र माणसांचे डोळे शोधत होतं. पक्ष्यांचे शोध असं त्याला वेगळं सांगावं लागतं.

"हा निवडून आला का?" ताईंनी विचारलं.

"पडला."

"मग काढून टाक."

पक्ष्यांचं सेटिंग लागलं, फोकस सतत जुळत राहील अशीही सोय झाली. चौकोन थोडा मोठा करून पाइपपुरता ठेवला. तरी वारा आला की लव्हाळ्याचं पातं मध्ये यायचं आणि फोकस पात्याला जाऊन चिकटायचा. फोटोचं बटण अर्धं दाबून धरलं तरच फोकस टिकायचा; बोट जरा उचललं की सुटायचा, जरा दाबलं की भलताच फोटो निघायचा. बाईंच्या बोटाला अर्धवट दाबणं जमेना. त्यात ताईंचं पुढचं इंजेक्शन झालं, आणि घरी येताना त्यांनी पायरी समजून सपाट जमिनीवर पाय उंच उचलला.

त्या संध्याकाळी पुस्तिका वाचता वाचता नवरा म्हणाला, "फोकस मागच्या बटणावर नेता येतो म्हणे. फोकस अंगठ्यानं, फोटो बोटानं. पण तुला कशाला ही भानगड?"

बाई ताडकन उठल्या. एक्स-रेची कळ हातात धरून अंगठ्यानंच दाबायची असते, तीही दोन टप्प्यांत: आधी अर्धी, मग पूर्ण. अर्ध्या दाबावर थांबून समोरच्याच्या छातीकडे बघत राहायचं, हे त्यांच्या अंगठ्यानं हजारो लोकांसाठी केलं होतं. नवखं होतं ते बोट. अंगठा मुरलेला होता.

सकाळी ताई खुर्चीत बसल्या आणि भलतीकडेच बघायला लागल्या.

"ताई, पाइप इकडे आहे."

"तिकडे बघितलं की तिकडचं दिसत नाही. म्हणून इकडे बघतेय. गप्प बस."

खंड्या यायच्या आधीच ताईंना चाहूल लागली. मधलं गेल्यापासून कडेची नजर घारीसारखी झाली होती. "उजवीकडून येतोय. खालून. बसला."

बाईंनी अंगठा दाबला. कॅमेऱ्यातली छोटी चौकट थरथरली, डोक्यावर गेली, डोळ्यावर बसली. वारा आला, पातं मध्ये आलं, अंगठा उचलला. फोकस होता तिथेच राहिला. पातं बाजूला झालं. अंगठा परत खाली. तोंडाशी आलेला हुकूम बाईंनी गिळला. खंड्यानं मान वळवली, सरळ लेन्सकडे, आणि बोटानं आपलं काम केलं.

घरी टीव्ही लागला. ताई पडद्यापाशी गेल्या, मान तिरपी केली, आणखी तिरपी केली. नवऱ्यानं पुस्तिका मिटली.

"काळा आहे," ताई म्हणाल्या. "तपकिरी झाक आहे कडेला. आणि उजेडाचा ठिपका आहे आत." थोड्या वेळानं म्हणाल्या, "रागावलाय कुणावर तरी. अगदी आपल्या दादासारखा."

दादा, म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ आणि बाईंचा नवरा, मुकाट्यानं चहा टाकायला गेला.

बाई पडद्याकडे बघत होत्या. कुठल्याशा गावातल्या कुणीतरी एका यंत्राला पक्ष्याचा डोळा ओळखायला शिकवलं होतं. त्याला ना ताई माहीत, ना हे तळं. डबा खाताना बोललेलं लक्षात ठेवणारी माणसं होती. सुईनं का होईना, उजव्या डोळ्यातला एवढा तुकडा सांभाळून ठेवणारे डॉक्टर होते. आणि या सगळ्यांच्या आधीपासून ताई होत्याच. बाईंना एकदम भरून आलं.

"ताई, मी कधी म्हटलं नाही, पण तुम्ही नसता तर माझी नोकरी, मुलं..."

ताईंनी मान वळवली नाही. मान वळवली असती तर पडद्यावरचा डोळा हरवला असता. हात मात्र मागे आला, चाचपडला आणि बाईंचं मनगट सापडल्यावर तिथेच थांबला.

"ते कळलं गं," त्या म्हणाल्या. "चोच अजून बघायची राहिलीय. जरा डावीकडे सरकव."

बाईंनी मोकळ्या हातानं चित्र सरकवलं.